गुहारक्षकाची रिकामी जागा

एका जंगलात एक सिंह होता. सिंहाची एक गुहा होती. आणि गुहेबाहेर एक रांग होती.

सिंह आणि गुहा तुम्हाला नवीन नाहीत, बाळांनो. रांगेचं मात्र सांगायला हवं. तुमच्या बालवाडीच्या प्रवेशासाठी तुमचे आईबाबा जिच्यात उभे होते ना, तशीच ही रांग. फक्त जास्त लांब. ती गुहेच्या तोंडापाशी सुरू व्हायची, उंबराला वळसा घालायची, ओढा ओलांडायची आणि करवंदीच्या जाळीत दिसेनाशी व्हायची. रांगेत ससे होते, भेकरं होती, रानडुकरं होती. कासवंही होती. बाकीच्यांना उभं राहून कंटाळा यायचा. कासवांना वाटायचं, आपण बरेच पुढे सरकलो.

ही रांग नोकरीसाठी होती. उंबराच्या खोडावर जाहिरात लावलेली होती. ‘पाहिजे: सहाय्यक गुहारक्षक. जागा एक. उमेदवार तरुण असावा आणि त्याला म्हाताऱ्याचा अनुभव असावा. अंगात रग असावी, पण ती वरिष्ठांना दिसू नये. पगार योग्यतेनुसार.’

कोणाच्या योग्यतेनुसार, ते लिहिलं नव्हतं.

उंबराच्या खालच्या फांदीवर एक साळुंकी बसायची. तिचं नाव मंजुळा. माणसांच्या कंपन्यांत मनुष्यबळ विभाग असतो, तसा इथे पशुबळ विभाग होता आणि मंजुळाबाई त्याच्या अधिकारी होत्या. हा विभाग नेमकं काय करतो, असं विचारू नका. निदान त्या विभागातल्या कोणाला तरी विचारू नका. त्यांना वाईट वाटतं.

मंजुळाबाईंचा गळा फार गोड होता. ‘तुम्ही आम्हाला नको आहात’ हे त्या अशा काही सुरात सांगायच्या की समोरचा आभार मानून निघायचा. आपल्याला नाही म्हटलंय, हे त्याला घरी गेल्यावर बायकोकडून कळायचं.

पण त्या वाईट नव्हत्या हं. एके काळी त्यांचं आपल्या कामावर जीव तोडून प्रेम होतं. दिवसा नुसतं पेंगत बसणारं, सगळ्यांनी टाकाऊ ठरवलेलं घुबड त्यांनीच रात्रपाळीला लावलं. जिला कोणी दारात उभं करत नव्हतं, त्या शेणकिड्याच्या जातीला माळ साफ ठेवायचं काम त्यांनीच मिळवून दिलं. समोर बसलेल्या भेदरलेल्या प्राण्याकडे बघून त्या शेवटी म्हणायच्या, “उद्यापासून या.” तेवढं म्हटलं की त्या प्राण्याचे कान वर व्हायचे, शेपटी हलायची, आणि मंजुळाबाईंना दिवसभर काही खाल्लं नाही तरी चालायचं.

मग सिंहाचे दात पडले.

हे कोणालाच माहीत नव्हतं. मंजुळाबाईंना माहीत होतं, कारण गुहेच्या कमानीत वर एक भोक होतं आणि त्यात त्यांचं घरटं होतं. घरट्यात पिलं होती. सिंहाच्या वासामुळे तिथे साप फिरकत नसे. हाच त्यांचा पगार, हाच भत्ता आणि हेच निवृत्तिवेतन. घरट्यातून खाली डोकावलं की त्यांना दिसायचं, वनराज पालथे पडून उंबरं चघळतायत. तीसुद्धा पिकलेली. कच्ची चावत नव्हती.

आणि समोरच्या टेकडीवर एक बिबट्या येऊन बसायला लागला होता. तो नुसता बघायचा. गुहा चांगली आहे, वाऱ्याच्या दिशेला आहे, असं काहीतरी त्याच्या मनात चाललेलं दिसायचं.

एक दिवस सिंहाने मंजुळाबाईंना आत बोलावलं.

“मंजुळाबाई, आपल्याला भरती करायची आहे.”

मंजुळाबाईंची पिसं फुलली. “किती जागा, महाराज?”

“एक. गुहारक्षक.”

“कसा उमेदवार हवा?”

“कसाही नको.”

“म्हणजे?”

“म्हणजे कोणीच नको. रक्षक नेमला की तो गुहेत येणार. गुहेत आला की माझं तोंड बघणार. वर शिकारीतला वाटा मागणार. काय देऊ त्याला? उंबरं?” सिंहाने जांभई दिली आणि घाईने पंजा तोंडावर धरला. “माणूस नको, म्हणजे प्राणी नको. रांग हवी. त्या टेकडीवरच्याला रांग दिसली पाहिजे. ज्याच्या दारात नोकरी मागायला एवढे जण उभे आहेत, त्याचं उत्तम चाललेलं असणार, असं सगळं जग समजतं.”

“आणि उमेदवारांना मी काय सांगू?”

“हो म्हणायचं नाही. हो म्हटलं तर घ्यावं लागेल. नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर जातील.”

“मग?”

“‘कळवू’ म्हणायचं.”

वर घरट्यात पिलं चिवचिवत होती. सिंहाने वर पाहिलं आणि प्रेमाने म्हणाला, “मोठी झाली की पोरं! इथे बरं आहे त्यांना, नाही? सापांची भीती नाही.”

दुसऱ्या दिवशी जाहिरात लागली.

तर बाळांनो, ‘कळवू’ हा फार मोठा शब्द आहे. त्याच्यावर प्राणी किती दिवस जगू शकतो, हे अजून कोणाला मोजता आलेलं नाही.

मुलाखती सुरू झाल्या. काजव्याला विचारलं, “पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?” काजव्याने या पावसाळ्यापुढचा विचार कधी केलाच नव्हता. तो तिथेच विझला. कासवाला तेच विचारलं. कासव म्हणालं, “इथेच. फार तर त्या दगडापाशी.” मंजुळाबाई म्हणाल्या, “महत्त्वाकांक्षा जरा कमी वाटते. पण कळवू.”

मग विचारायच्या, “तुमचा एखादा दोष सांगा.” पहिल्या दिवशी रानडुकराने सांगून टाकलं, “मला राग येतो. मग मी धडक देतो.” ही बातमी रांगेत पसरली. करवंदीच्या जाळीपाशी एका माकडाने लगेच क्लास काढला. त्याने स्वतः कधी कुठे नोकरी केली नव्हती, त्यामुळे शिकवायला त्याला भरपूर वेळ होता. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचा दोष एकच झाला. “मी कामात फारच बुडून जातो, मॅडम.” पोट भरलं की महिनाभर एका जागी पडून राहणारा अजगरसुद्धा हेच म्हणाला. म्हणताना त्याला झोप लागली.

फेऱ्या संपत आल्या की मंजुळाबाई नव्या फेऱ्या काढायच्या. बोलण्याची फेरी झाली. गप्प बसण्याची फेरी झाली. इतरांबरोबर मिसळून बसण्याची फेरी झाली, तिच्यात कोल्हा आणि कोंबड्या एका गटात आल्या. ती फेरी लवकर आटोपली.

मग एकदा मंजुळाबाईंना एक नामी कल्पना सुचली. एक ससा बराच पुढे आला होता. त्याला आता काय विचारायचं ते त्यांना सुचेना. त्या गंभीर चेहरा करून म्हणाल्या, “ससेभाऊ, वाईट वाटतं, पण जागा रद्द झाली आहे.” ससा बिचारा घरी गेला आणि गवत खायला लागला. दुसऱ्या दिवशी मंजुळाबाईंनी सगळ्यांना सांगितलं, “ती धीराची फेरी होती. जागा जशीच्या तशी आहे. ससेभाऊंचा धीर सुटला.”

रांगेत कुजबुज झाली. “बघा, काय डोकं आहे मॅडमचं!” ससा धावत परत आला आणि रांगेच्या शेपटाला उभा राहिला. सिंहाने आतून शाबासकी दिली. माकडाने आपल्या क्लासात एक धडा वाढवला: जागा नाही म्हणाले की समजायचं, जागा आहे.

मंजुळाबाईंना त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला. तो पुढे त्यांना चांगलाच महागात पडला, म्हणून सांगून ठेवतो.

याच रांगेत भागोजी साळिंदर होता.

साळिंदर हा खरा रात्रीचा प्राणी. पण मुलाखती दिवसा असतात. त्यामुळे भागोजी दिवसा रांगेत उभा राहायचा आणि रात्री उद्याच्या रांगेच्या काळजीने जागा राहायचा. डोळे लाल झालेले, पण अंगावरचे काटे कसे चोळून चकचकीत! जंगलात गुहा राखायला याच्याइतका लायक प्राणी शोधून सापडला नसता. काटे फुलवून दारात नुसता बसला असता तरी बिबट्याने दोनदा विचार केला असता. तो एकेक फेरी पार करत गेला. मंजुळाबाई दर वेळी म्हणायच्या, “छान, भागोजीराव. कळवू.” आणि एकदा, त्याचे लाल डोळे बघून त्यांना इतकी दया आली की त्या बोलून गेल्या, “तुमचं जवळजवळ झाल्यातच जमा आहे.”

दयेपोटी बोललेलं खोटं सगळ्यात जास्त टिकतं. भागोजीने त्या दिवसापासून बीळ खणायचं सोडलं. म्हणाला, आता काय, गुहेतच राहायचं आहे.

एक दिवस तो फांदीखाली येऊन घुटमळला.

“मॅडम, एक विचारू का? रागावणार नाही ना?”

“विचारा की.”

“नदीपलीकडच्या जंगलात हत्तीणबाईंचं राज्य आहे. उन्हाळ्याआधी त्यांना वाळूत झरे खणून हवेत. त्यांनी निरोप पाठवलाय. पाणी, कंदमुळं, राहायला जागा, सगळं देतायत. पण पुनवेच्या आत यायला सांगितलंय. मंडळी म्हणते, जाऊ या. ओढा आटत चाललाय, पिलं लहान आहेत.” त्याने एकदा रांगेकडे वळून पाहिलं. “पण इथलं तुम्ही म्हणाला होतात जवळजवळ झालंय. तर तसं काही होण्यासारखं आहे का? नसेल तर मी जातो. तुम्ही सांगाल ते खरं.”

मंजुळाबाईंची चोच उघडली. आत शब्द होता. जा. एवढाच, एका अक्षराचा. पण गुहेतून सिंहाच्या खोकल्याचा आवाज आला, वरून पिलांचा आवाज आला, आणि चोचीतून भलताच शब्द बाहेर पडला.

“कळवू.”

“बरं मॅडम,” भागोजी म्हणाला, आणि परत रांगेत जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी त्याची बायको आली. तिचं नाव सगुणा. पायांना माती लागलेली, कारण बीळ आता तीच खणत होती. दोन पिलं मागे धडपडत येत होती.

“बाई, राग मानू नका,” ती म्हणाली. “मला तुमच्यातलं काही समजत नाही. तुम्ही पण पोरंबाळंवाल्या. एवढंच सांगा, ह्यांना तुम्ही घेणार आहात का नाही?”

“निवडीची प्रक्रिया अजून चालू आहे, सगुणाबाई.”

“प्रक्रिया म्हणजे काय?”

मंजुळाबाईंना ते सांगता येईना. सगुणेने पिलांना जवळ घेतलं. मग म्हणाली, “ओढ्याला आता पिलांचे पाय भिजतील एवढंच पाणी उरलंय. तेवढं लक्षात असू द्या,” आणि निघून गेली.

मंजुळाबाईंना लाज वाटली. अगदी मनापासून वाटली. त्या तशाच गुहेत गेल्या.

“महाराज, एक विनंती आहे. साळिंदराला घ्या. तो दाराकडे तोंड करून बसेल, आत बघणारच नाही. वाटाही मागणार नाही, तो कंदमुळं खातो.”

सिंहाने उंबराचा देठ थुंकला. “आणि रांग?”

“रांग काय?”

“जागा भरली की रांग मोडली. रांग मोडली की बिबट्या खाली आला. बिबट्याला साळुंकीची पिलं आवडतात का हो? मला कल्पना नाही, मी आपलं सहज विचारतो.”

मंजुळाबाई परत फांदीवर येऊन बसल्या. पण त्यांना उंबर गोड लागेना. डोळ्यांसमोर ओढा येत राहिला. त्यातलं पाणी आणि पिलांचे ते पाय. पुनव अगदी तोंडावर आली, तेव्हा त्यांच्याने राहवेना. त्यांनी ठरवलं. व्हायचं ते होऊ दे. नोकरी गेली तर गेली. पिलांना घेऊन कुठल्या तरी बाभळीवर राहू.

सकाळी त्यांनी भागोजीला बाजूला घेतलं.

“भागोजीराव, नीट ऐका. ही जागा नाही. कधीच नव्हती. आम्हाला कोणालाही घ्यायचं नाही. मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्ही आजच्या आज हत्तीणबाईंकडे जा.”

भागोजीचा चेहरा पांढरा पडला. मंजुळाबाईंना वाटलं, आता हा रडेल, नाहीतर काटे फुलवून अंगावर येईल. दोन्हीला त्यांची तयारी होती.

पण हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“धीराची फेरी ना, मॅडम?”

“नाही हो! खरंच सांगते!”

“ससेभाऊंनाही तुम्ही असंच सांगितलं होतं. मी तेव्हा मागेच उभा होतो.” त्याने मान ताठ केली. “मी हलणार नाही. तुम्हाला मी शेवटपर्यंत पटलो नाही असं नको व्हायला.”

“अहो, माझ्या पिलांची शपथ!”

“बघा,” भागोजी कौतुकाने म्हणाला, “किती मनापासून घेता तुम्ही मुलाखत.”

मंजुळाबाईंचा तोल गेला. त्या उडून गुहेपुढच्या मोठ्या दगडावर जाऊन बसल्या आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या. त्यांचा तो गोड गळा पार चिरकला.

“ऐका सगळे! इथे नोकरी नाही! महाराजांच्या तोंडात एक दात उरलेला नाही, ते उंबरं खाऊन जगतात! तुम्हाला फक्त शोभेला उभं केलंय! घरी जा! आपापली कामं करा!”

सगळ्या रांगेने माना वर केल्या. ओढ्यातलं उरलंसुरलं पाणीसुद्धा ऐकू येईना.

मग रानडुक्कर पुढचे दोन पाय आपटायला लागलं. त्याच्याकडे टाळी वाजवायची तीच पद्धत होती. “वा! वा, मॅडम! याला म्हणतात फेरी!” ससे उड्या मारायला लागले. भेकरं एकमेकांच्या कानात म्हणाली, “डोळ्यात पाणी पण आणलंय बघ.” कासवांनी पाय आत घेतले आणि जमीन घट्ट धरली. एकही प्राणी हलला नाही. माकड लगबगीने आपल्या क्लासाकडे पळालं. त्याला नवीन धडा मिळाला होता. आणि पूर्वी कंटाळून घरी गेलेले जे होते, ते एवढा गलका कसला म्हणून बघायला आले आणि भरती अजून चालू आहे असं कळल्यावर परत शेपटाला लागले. रांग करवंदीच्या जाळीच्याही पलीकडे गेली.

टेकडीवरचा बिबट्या कान टवकारून ऐकत होता. जो सिंह आपल्या नोकराला भर दरबारात असली थट्टा करू देतो, त्याचे दात केवढे असतील, असं त्याच्या मनात आलं. तो उठला आणि मागच्या उतारावरून गुपचूप निघून गेला.

मंजुळाबाईंना गुहेत बोलावणं आलं. त्या जाताना पिलांकडे एकदा बघून गेल्या.

सिंहाने त्यांना बसायला सांगितलं. आजवर त्याने कधी बसायला सांगितलं नव्हतं.

“मी आधी घाबरलो,” तो म्हणाला. “म्हटलं, बाईंनी गळा कापला आपला. पण काय कमाल केलीत! बिबट्या गेला. रांग दुप्पट झाली. हे तुम्हाला सुचलं कसं?”

“महाराज, मला काही सुचलं नाही. मी खरं बोलले.”

“म्हणून तर! खोटं बोलला असतात तर एखाद्याला तरी शंका आली असती.” सिंह बोळक्या तोंडाने मनमोकळं हसला. “आजपासून तुम्ही ज्येष्ठ पशुबळ अधिकारी. उंबराची वरची फांदीही तुमची. आणि हे दर उन्हाळ्यात करत चला. आपण त्याला सत्याची फेरी म्हणू.”

मंजुळाबाईंनी तेव्हाच नोकरी सोडायला हवी होती, असं तुम्हाला वाटेल. त्यांनाही वाटलं. त्यांनी मनाशी ठरवलं, पिलांना पंख फुटले की निघायचं. पुढे पंख फुटले. तोवर दुसरी अंडी झाली होती.

त्या दिवशी जंगलात एका प्राण्याने मात्र मंजुळाबाईंचं बोलणं खरं मानलं. ती होती सगुणा. ती पिलांना पाणी पाजायला ओढ्यावर आली होती आणि तिने सगळं ऐकलं. तिने विश्वास ठेवला, कारण तिने आयुष्यात एकही मुलाखत दिली नव्हती. ती नवऱ्यापाशी गेली. “अहो, ऐकलंत ना? चला.” भागोजीने डोळा मिचकावला आणि हळूच म्हणाला, “अगं, असंच म्हणतात ते. तू घरी जा. माझं झाल्यातच जमा आहे.” मग सगुणा पिलांना घेऊन नदी उतरून गेली.

पुनव झाली. ओढा आटला. रांग तशीच होती. भागोजीचे काटे आता गळायला लागले होते आणि तो उभ्या उभ्या डुलक्या घेत होता. कोणी विचारलं की सांगायचा, “शेवटच्या फेरीत आहे.”

मग एका दुपारी सगुणा परत आली. एकटीच. अंगावर चांगलं तेज आलं होतं.

“बाई,” ती फांदीखाली उभी राहून म्हणाली, “मीच गेले हत्तीणबाईंकडे. म्हटलं, नवरा येत नाही, मी चालेन का? त्यांनी विचारलं, ‘खणता येतं?’ मी म्हटलं, ‘येतं.’ त्या म्हणाल्या, ‘उद्यापासून या.’”

मंजुळाबाईंना एकदम काहीतरी झालं. ते शब्द त्यांनी किती दिवसांत ऐकले नव्हते. आणि स्वतः म्हणून तर त्याहूनही कितीतरी दिवस झाले होते. त्यांनी मान वळवून पंखाखाली घातली. सगुणेला वाटलं, बाई अंग खाजवतायत.

“अजून एकाला काम आहे तिकडे,” सगुणा म्हणाली. “मी ह्यांना न्यायला आलेय. पण हे माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. तुम्ही काहीतरी असं सांगा की हे इथनं उठतील.”

मंजुळाबाईंनी विचार केला. हो म्हणता येत नव्हतं. खरं सांगून झालं होतं. आता एकच उरलं होतं, जे करायला महाराजांनी बंदी केली होती. त्यांनी भागोजीला पुढे बोलावलं.

“भागोजी साळिंदर, तुमची निवड झालेली नाही. तुम्ही नापास झालात. तुम्ही जाऊ शकता.”

या जंगलात एवढं स्पष्ट ‘नाही’ आजवर कोणालाच सांगितलं गेलं नव्हतं. भागोजी एक पाऊल पुढे आला.

“मी कुठे कमी पडलो, मॅडम?”

मंजुळाबाईंनी शोधून पाहिलं. त्याच्यात कमी काही नव्हतं. आजवर समोर आलेल्या सगळ्यांत तोच चांगला होता. पण सगुणा त्यांच्याकडे डोळे लावून उभी होती. काहीतरी सांगणं भाग होतं.

“तुम्ही… तुम्ही फार पेंगता.”

बाळांनो, ज्याची झोप यांच्या रांगेने खाल्ली होती, त्याला हे ऐकावं लागलं. पण भागोजी चिडला नाही. त्याने वाकून नमस्कार केला. “तुम्ही स्पष्ट सांगितलंत, उपकार झाले. नाहीतर कोण सांगतं आजकाल?” सगुणेने त्याचा पंजा धरला आणि दोघं चालायला लागली. मंजुळाबाई फांदीवरून बघत राहिल्या. ती दोघं उंबरापलीकडे गेली. कोरडा ओढा ओलांडला. मंजुळाबाईंच्या गळ्यात कितीतरी दिवसांनी गाणं यायला लागलं होतं.

करवंदीच्या जाळीपाशी भागोजी थांबला. तिथे रांगेचं शेपूट होतं.

“अहो, चला ना,” सगुणा म्हणाली.

“अगं, चूक कळली की आपली! नुसती झोपेची तर गोष्ट आहे. ती सुधारतो.” त्याने पंजा सोडवून घेतला आणि शेवटच्या सशाच्या मागे उभा राहिला. “पहिल्या फेरीपासून करायला लागेल, पण या वेळी अनुभव आहे.”

सगुणा तिथे ऊन उतरेपर्यंत उभी होती. मग गेली. पिलं तिकडे एकटी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाबाई आपल्या वरच्या फांदीवर येऊन बसल्या. वरच्या फांदीवरून रांगेचं शेपूट स्पष्ट दिसतं. तिथे एक साळिंदर दोन्ही पंजांनी आपले डोळे उघडे धरून उभा होता. मंजुळाबाईंनी एकदा तिकडे पाहिलं. मग घसा साफ केला आणि नेहमीच्या गोड आवाजात म्हणाल्या, “पुढचे उमेदवार.”

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं. आधी पुरेसं खोटं बोलून ठेवलेलं असेल, तर त्याने कोणाचंही काहीच बिघडत नाही.

भागोजीला शेवटी नोकरी लागली का, असं तुमच्यापैकी कोणी विचारेलच. कळवू.